बाईंचा पगार कोणी द्यायचा?

देवनार म्हटलं की मुंबईकराचा हात आधी नाकाकडे जातो. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारं डम्पिंग ग्राउंड इथे, १९७१ साली आलेला कत्तलखाना इथे. जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, धूर दूरवर पसरला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली, तेव्हा कुठे उरलेल्या मुंबईला देवनारची आठवण झाली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा सारा एम-पूर्व विभाग शहराच्या तळाला होता.

पण याच देवनारात सायन-ट्रॉम्बे रस्त्याला लागून दाट झाडांचं एक आवारही आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे तिचं भलंमोठं नाव. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे ‘टिस’ म्हणतात. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी नागपाड्यात वस्तीकाम करत होता. समाजकार्याला नुसती कळकळ पुरत नाही, शिक्षणही लागतं, हे त्याने ओळखलं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ साली शाळा काढली. तीच १९५४ मध्ये देवनारला आली. लोकांची सेवा करणं हा शिकून करायचा आणि पगार घेऊन करायचा व्यवसाय आहे, ही कल्पना आपल्याकडे रुजवण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. तरीही आपल्या घरांत ती अजून रुजलेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो. चेंबूरला राहतो. गेली काही वर्षं डम्पिंगच्या बाजूच्या वस्तीत बालवाडी आणि अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका लहान संस्थेचे हिशेब लिहितो. काम फुकट करतो, कारण मला पेन्शन आहे. हे ‘कारण’ महत्त्वाचं. आमच्या बालवाडीच्या बाईंना पेन्शन नाही. त्यांना घरभाडं आहे आणि दोन मुलं आहेत. देणगीसाठी कुणाकडे गेलं की चहा येतो, कौतुक होतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे पगारावर किती टक्के जातात हो?’ विचारणारे सज्जन असतात, त्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण बालवाडीत पगाराखेरीज असतंच काय? चार भिंती, एक सतरंजी, थोडी खेळणी आणि बाई. त्यातल्या बाई काढा, की उरतं ते गोदाम.

एकदा एका कंपनीची माणसं येऊन मुलांना दप्तरं वाटून गेली. चांगली, कंपनीचं नाव छापलेली दप्तरं. फोटो झाले, केळी वाटली. त्या महिन्यात बाईंचं मानधन द्यायला खात्यात पैसे नव्हते. ‘दप्तरं अर्धीच द्या आणि उरलेल्या पैशात सहा महिन्यांचं मानधन द्या’ असं मी सुचवून पाहिलं होतं. त्यावर ‘सर, आमच्या पॉलिसीत सॅलरी बसत नाही,’ असं मला अगदी नम्रपणे सांगण्यात आलं. ते म्हणणाऱ्या तरुणाला स्वतःचा पगार दर महिन्याच्या अखेरीस न चुकता मिळत होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

हा पूर्वग्रह नव्या कंपन्यांचाच आहे असं मुळीच नाही. तो आपल्या मराठी मध्यमवर्गाच्या संस्कारात मुरलेला आहे. समाजसेवक म्हटला की तो खादीचा सदरा घालणारा, पायी चालणारा, घरावर तुळशीपत्र ठेवणारा हवा. उदाहरण बहुधा महर्षी कर्व्यांचं दिलं जातं. हिंगण्याच्या माळावरची झोपडी, तिथपर्यंतची रोजची पायपीट, गावोगाव गोळा केलेल्या वर्गण्या. सगळं खरं आहे आणि त्यापुढे मान लवते. पण त्याच कथेतली एक ओळ आपण गाळतो. कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांचा अनाथ बालिकाश्रम उभा राहिला तो याच काळात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांना मिळणारं वेतन बेताचं असे, पण ते नियमित मिळे. त्याग होताच. त्याच्या पाठीशी पगारही होता.

हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी आपल्याकडे काही फार शहाणी कामं करून ठेवली आहेत. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा केला. नामवंत कलावंत आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ घेऊन महाराष्ट्रभर फिरले. तिकिटांचे पैसे निधीत गेले आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. आपल्यापैकी अनेकांनी त्या प्रयोगांना टाळ्या वाजवल्या असतील. त्या तिकिटाच्या पैशातून कुठल्या तरी आडगावच्या कार्यकर्त्याच्या घरी किराणा गेला, हे मात्र कितीजणांच्या लक्षात असेल? निधीने इमारत बांधली नाही की शिबिरांचे फलक रंगवले नाहीत. कार्यकर्त्याचं घर चालावं एवढंच पाहिलं. रक्कम मोठी नव्हती. नावातला ‘कृतज्ञता’ हा शब्द मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण तो मानधनाला भिक्षा होऊ देत नाही.

जगातही त्याच सुमारास कुणाला तरी असंच सुचत होतं. बिल ड्रेटन या अमेरिकन गृहस्थाने ‘अशोका’ नावाची संस्था काढली, सम्राट अशोकावरून. समाजासाठी नवी कल्पना राबवणाऱ्या माणसाला काही वर्षं पोटापाण्याची विवंचना राहू नये म्हणून त्याला जीवनवेतन द्यायचं, ही तिची पद्धत. ‘सामाजिक उद्योजक’ हा आज बोकाळलेला शब्द याच मंडळींनी जगभर नेला. त्यांची पहिली फेलो १९८१ मध्ये निवडली गेली आणि ती होती आपल्या मुंबईची एक शिक्षिका, ग्लोरिया डिसूझा. मुलांनी परिसर पाहून, प्रश्न विचारून शिकावं, घोकून नव्हे, हा तिचा ध्यास होता. नोकरीच्या जाचातून मोकळीक मिळाली आणि ‘परिसर आशा’ उभी राहिली.

टिसने केलेली मदत याहून वेगळ्या जातीची आहे. ती माझ्या मते सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत कमी गाजलेली. टिसमध्ये ‘फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट’ नावाचा प्रकार आहे. एखाद्या प्राध्यापकाला किंवा विद्यार्थ्याला एखादी गरज दिसली, तर संस्था तिथे काम सुरू करू देते. छप्पर, नाव, हिशेबनीस, फोन आणि मुख्य म्हणजे वेळ, हे सगळं संस्थेचं. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी एक विशेष कक्ष सुरू झाला. नवऱ्याने मारलेली बाई पोलिसांकडे येते तेव्हा तिच्याशी बोलायला खाकीतला हवालदारच कशाला हवा, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती का नको, एवढाच साधा विचार त्यामागे होता. आज हे कुणालाही पटेल. तेव्हा पोलिसांच्या इमारतीत बाहेरच्या बायकांनी टेबल मांडून बसायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. हे टेबल २० वर्षं तिथे टिकलं. २००५ मध्ये राज्याच्या महिला आणि बालविकास विभागाने ती योजना आपली म्हणून स्वीकारली. पुढे इतर राज्यांनीही तिचा कित्ता गिरवला.

वाचकहो, हे २० वर्षांचं गणित जरा डोळ्यांसमोर ठेवा. कुठला देणगीदार २० वर्षं धीर धरतो? हल्ली तीन वर्षांत ‘इम्पॅक्ट’ दाखवा म्हणतात.

दुसरी गोष्ट १०९८ या नंबरची. जेरू बिलिमोरिया तेव्हा टिसमध्ये शिकवत. स्टेशनांवर आणि फुटपाथवर राहणाऱ्या मुलांमध्ये त्यांचं काम होतं. अडचणीत सापडलेली मुलं रात्री-बेरात्री त्यांनाच फोन करत. एका बाईच्या घरच्या फोनवर शहरातल्या सगळ्या मुलांचा भार कसा पडावा? त्यातून १९९६ मध्ये चाइल्डलाइन सुरू झाली, टिसचाच प्रकल्प म्हणून. नंबर फुकटचा आणि मुलांच्या तोंडी बसणारा होता, दस-नौ-आठ. १९९९ मध्ये तिचं स्वतंत्र फाउंडेशन झालं आणि ती देशभर पसरली. तिच्या खर्चाचा मोठा भार केंद्र सरकारने उचलला आणि प्रत्यक्ष काम गावोगावच्या संस्था करत राहिल्या. २०२३ मध्ये ही सेवा ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडून सरकारी बालसंरक्षण यंत्रणेकडे देण्यात आली. सरकारने जबाबदारी घेणं चुकीचं नाही, विशेष कक्षाच्या बाबतीत तेच तर हवं होतं. पण कित्येक वर्षं रात्रपाळी केलेली, रडणारं मूल फोनवर कसं बोलतं करायचं हे जाणणारी माणसं हीच त्या सेवेची खरी मालमत्ता होती. हस्तांतर नंबराचं झालं, ती माणसं नव्या व्यवस्थेत आपोआप आली नाहीत.

‘मग या संस्थांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, काहीतरी विकावं, उद्योग करावा,’ असं आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ नेहमी म्हणतात. टिसनेही २००७ पासून सामाजिक उद्योजकतेचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला. कल्पना वाईट नाही. आपल्या गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि लिज्जत उभी राहिली. ती कुणाच्या देणगीवर नाही. प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात नेलं. तिथे देणगीपेक्षा स्वस्त कर्ज मोलाचं होतं. ज्योती म्हापसेकर आणि त्यांच्या स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित करून वस्त्यांमधल्या ओल्या-सुक्या कचऱ्याची कामं मिळवून दिली. इथे विकायला सेवा आहे आणि ती विकत घेणारे आपणच आहोत.

पण स्टेशनवर हरवलेल्या मुलाकडे विकायला पापड नसतो. मारहाण झालेल्या बाईकडून सल्ल्याची फी घ्यायची नसते. तुरुंगातल्या कच्च्या कैद्याला वकील आणि जामीन मिळवून देणारा ‘प्रयास’ १९९० मध्ये टिसमधूनच सुरू झाला. त्याचं गिऱ्हाईक कोण? टिसच्याच ‘कोशिश’च्या चमूने बिहारमधल्या निवाऱ्यांची पाहणी केली आणि २०१८ मध्ये दिलेल्या अहवालातून मुझफ्फरपूरच्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. तो अहवाल लिहिणाऱ्यांचं पोट त्या निवाऱ्यांच्या चालकांवर अवलंबून असतं, तर तो लिहिला गेला असता का? काही कामांना बाजारच नसतो. तिथे समाजानेच पगार द्यायचा असतो.

आता नियमांचं बघू. ते कंटाळवाणे आहेत, पण घरबसल्या देणगी देणाऱ्यालाही दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. संस्था नोंदवायची १८६० च्या कायद्याखाली, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून ८० जी, आणि त्याची नोंदणी आता दर पाच वर्षांनी नव्याने. सीएसआरचे पैसे हवेत तर २०२१ पासून आणखी एक नोंदणी. यातलं एकेक कलम वाजवीच आहे. खोट्या संस्था कमी नाहीत आणि कागदावरच्या अनाथाश्रमांना चाप बसायला हवा, यात मला शंका नाही. पण मोठ्या संस्थेला यासाठी विभाग असतो आणि आमच्या बालवाडीला मी असतो. शिवाय सीएची फी ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून पुन्हा वाईट दिसते, ती वेगळीच.

२०१४ पासून पाच कोटी नफा असलेल्या किंवा तशाच मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. २०२२-२३ मध्ये देशभरात ही रक्कम जवळपास तीस हजार कोटींच्या घरात गेली आणि तिचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च होतो. या कायद्यात प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती आहे कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या शिक्षिकेचा किंवा परिचारिकेचा पगार त्यात धरायचा नसतो, हे खात्याने २०२१ च्या खुलाशात सांगितलंही आहे. तरी हाच पाच टक्क्यांचा दांडा संस्थांच्या गळ्यावर ठेवणारे अधिकारी भेटतात. कायदा न वाचता कडक होणं ही आपली जुनी खोड आहे.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेली दुरुस्ती याहून कठोर आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसरीला असे पैसे देणंच बंद झालं. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशातून निधी आणून वस्त्यांतल्या दहा लहान संस्थांना वाटायची, सोबत हिशेब कसा लिहावा तेही शिकवायची. ती साखळी तुटली. त्याची जागा घेईल म्हणून सोशल स्टॉक एक्स्चेंजचा गाजावाजा झाला आणि २०२३ च्या अखेरीस त्यावर पहिली संस्था आलीही. तिथल्या रोख्याचं नाव ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’. म्हणजे व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही. आमची आजी याला दान म्हणायची. थट्टा सोडा, पारदर्शक बाजार असायला हरकत नाही. पण तिथे पाय ठेवायलाच संस्थेचा वर्षाचा खर्च ५० लाखांचा असावा लागतो. आमच्या बाई तिथवर कशा पोचणार?

आणि हे केवळ लहानांचं दुखणं आहे असं समजू नका. जून २०२४ मध्ये खुद्द टिसमध्ये, टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या निधीवर चालणाऱ्या पदांवरच्या शंभराहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या हाती सेवा संपल्याची पत्रं पडली. पैशाची हमी मिळाली आणि काही दिवसांतच पत्रं मागे घेतली गेली. देशाला सामाजिक संस्था कशा चालवाव्यात हे शिकवणाऱ्या आवारात वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं ‘प्रकल्प’ या खात्यावर होती.

मला कुठली भव्य योजना सुचवायची नाही. देणगी देताना मात्र तुमचा प्रश्न बदला, एवढी विनंती आहे. पगारावर किती जातात हे जरूर विचारा, पण आकडा फार कमी ऐकू आला तर काळजी करा. तिथे माणसं राबवली जात असतील किंवा कामच होत नसेल. बाई किती वर्षं टिकल्या ते विचारा. पुढच्या वर्षाचे पैसे हाताशी आहेत का ते विचारा. जमलं तर एकदा बालवाडीत जाऊन बसा आणि पटावरची किती मुलं प्रत्यक्ष आली आहेत ते मोजा. खऱ्या-खोट्या संस्थेची पारख टक्केवारीपेक्षा याने लवकर होते. आणि वाढदिवसाला एकदम मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा लहान रक्कम द्या, तिच्यावर ‘अमुकसाठीच’ असा शिक्का न मारता. बारा महिने येणाऱ्या पाचशे रुपयांवर आम्हाला पुढचा महिना मोजता येतो.

कंपन्यांना सांगायचं तर इतकंच की तीन वर्षांचा करार संपण्यापूर्वी एक वर्ष आधी सांगून निघावं. भाडेकरूलासुद्धा आपण नोटीस देतो.

आमच्या खात्यात असे दरमहा देणारे सध्या मोजकेच आहेत. त्यांत मुलुंडच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना ऑनलाइन व्यवहाराचा भरवसा वाटत नाही, म्हणून त्या अजून पोस्टाने चेक पाठवतात. सोबत चिठ्ठी नसते. चेकच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं, ‘बाईंच्या पगारासाठी. दप्तरं घेऊ नका.’